चार ते साडेचार

ताई जाऊन सत्तावन्न दिवस झाले होते आणि तरीही तिच्या नंबरावरून रोज दुपारी साडेचारला फोन येत होता. या बातमीने अख्खं घराणं ढवळून निघालं होतं. शांत होते ते एकटे जावईबापू, म्हणजे ताईचे यजमान, कारण तो फोन तेच करत होते.

आज घराणं त्यांच्याच घरी जमलं होतं. एकुलत्या एक आरामखुर्चीत ताईचे थोरले भाऊ दादा बसले होते. मुख्याध्यापकपद सोडून त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण पदाने त्यांना अजून सोडलं नव्हतं. सोफ्यावर धाकटे भाऊ, दातांचे डॉक्टर. त्यांच्या शेजारी बहीण माई, हातरुमाल तयार ठेवून. आणि दाराजवळच्या स्टुलावर दादांची सून, जिला सगळे नुसतंच धाकटी म्हणत. औषधांच्या दुकानाला कुलूप लावून ती धावतपळत आली होती. जावईबापू आत चहाचं आधण ठेवत होते. लग्नाला चाळीस वर्षं झाली, डोक्यावरचे केस गेले, लिफ्ट दुरुस्त करून करून गुडघे कुरकुरायला लागले, तरी या घराण्यात ते जावईबापूच राहिले होते. जावयाला मान भरपूर मिळतो, मत मात्र कुणी विचारत नाही.

भानगड सगळी साखळीची होती. एकतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी प्रार्थनेची साखळी सुरू केली. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत घराण्यातलं कुणी ना कुणी देवाशी बोलत असलंच पाहिजे, असा नियम. प्रत्येकाला अर्धा तास नेमून दिलेला. आपला अर्धा तास संपला की पुढच्याला फोनची एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायचा. पुढच्याने तो उचलायचा नाही, कारण उचलला की या मंडळींच्या गप्पा सुरू होतात आणि मग देव ताटकळतो. रात्री दहानंतर देव स्वतःच जागा असतो, असा सासऱ्यांनी निकाल दिला होता, त्यामुळे झोपेची सोय झाली होती.

एकतीस वर्षांत साखळी एका मिनिटासाठीही तुटली नाही, हे दादा लग्नात सांगत, अंत्यविधीत सांगत आणि एकदा तर बँकेच्या रांगेत पुढच्या अनोळखी माणसालाही सांगून झालं होतं. त्या अर्ध्या तासात कोण काय बोलतं, हे मात्र कुणी कुणाला विचारत नसे. डॉक्टरांची वेळ अडीच ते तीन. पेशंटची हिरडी बधिर होईपर्यंत जो वेळ जातो त्यात ते प्रार्थना उरकत. माईची साडेतीन ते चार. ती डोळे मिटून पडल्या पडल्या करी आणि बऱ्याचदा घोरण्याचा आवाज येई. पण रिंग कधी चुकली नाही. घड्याळाचा गजर होता ना.

जावईबापू या साखळीत नव्हते. पहिल्याच सभेत त्यांनी भोळेपणाने विचारलं होतं, "आणि लाइन एंगेज लागली तर?" सासरे न हसता म्हणाले होते, "जावईबापूंना कामाचा व्याप फार आहे." तेव्हापासून त्यांना कामाचा व्याप होता.

मग ताई गेली. पाचव्या दिवशी दुपारी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नुसतेच बसले होते. समोर तिचा फोन पडला होता. बरोबर चारला तो एकदा वाजला आणि थांबला. माईने सवयीने रिंग दिली होती. जावईबापू फोनकडे बघत बसले. त्यांचं सगळं आयुष्य दोन मजल्यांमध्ये अडकलेली माणसं बाहेर काढण्यात गेलं होतं. कुणीतरी पाठवलेलं आपल्यापाशी येऊन अडकलंय आणि पुढच्या मजल्यावर कुणी वाट बघतंय, एवढं त्यांना कळलं. साडेचारला त्यांनी धाकटीला रिंग दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, ही शुद्ध लबाडी झाली. अर्धा तास काही न करता रिंग द्यायची म्हणजे काम न करता सही मारण्यासारखं. म्हणून चारला ते खुर्ची ओढून ताठ बसले आणि मोठ्याने म्हणाले, "ती नाहीये." दारावर आलेल्या माणसाला सांगावं तसं. पुढे काही सुचेना, म्हणून उरलेली एकोणतीस मिनिटं गप्प बसले.

पण रोज बसायचं म्हटलं की माणूस बोलायला लागतो. पहिल्या आठवड्यात ते नुसती तक्रार करत होते. दुसऱ्या आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं, एकदा तर त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि चहा सांडला. मग हळूहळू दिवसभराच्या गोष्टी सांगायला लागले. अन् तिथे एक वेगळीच अडचण आली. एका जुन्या इमारतीच्या लिफ्टचा दोर झिजला होता आणि त्यांनी 'अजून सहा महिने चालेल' म्हणून तो तसाच ठेवला होता. ते चारच्या वेळी सांगायला गेले तर जीभच वळेना. सांगितल्याशिवाय पुढचंही काही बोलता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ते गेले आणि स्वतः दोर बदलून आले. मग चारला तोंड उघडलं. असं तीन-चारदा झालं. नऊ वर्षं ज्याच्याशी अबोला धरला होता त्या जुन्या भागीदारालाही त्यांनी फोन केला. दोघंही फारसं काही बोलले नाहीत, पण फोन ठेवताना भागीदार म्हणाला, "करत जा." कालपरवा तर असं झालं की ते बसले, काहीच बोलले नाहीत, आणि बघतात तर अर्धा तास कधीच उलटून गेला होता. त्या दिवशी रिंग दहा मिनिटं उशिरा गेली.

आता हा अर्धा तास म्हणजे त्यांचा जीव की प्राण झाला होता. आणि खरं सांगितलं की तो जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. साखळीत कोण बसेल हे दादा ठरवत.

"परवा चाळीसला आला," धाकटी बाहेर सांगत होती. "चार चाळीस."

"तिकडची वेळ वेगळी असणार," माई रुमाल डोळ्यांना लावून म्हणाली. "शास्त्रातच आहे ना, देवाचा एक दिवस म्हणजे आपली हजार वर्षं. मग दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही."

"उलट फार जास्त होतील गं," डॉक्टर म्हणाले. ते हिशेब करायला लागले, पण दादांनी हात वर केला तसे थांबले.

"भावोजी!" दादांनी आतल्या दिशेने हाक मारली. "ताईचा फोन कुठे असतो?"

"कपाटात," जावईबापू आतून म्हणाले. ते खोटं नव्हतं. रोजचा अर्धा तास सोडला तर तो कपाटातच असे.

"ऐकलंत? कपाटात!" माईच्या अंगावर काटा आला आणि तिने तो सगळ्यांना दाखवला.

खरं म्हणजे त्या घरात दोनच शक्यता होत्या. एक तर ताई स्वर्गातून फोन करत होती, नाहीतर जावईबापू प्रार्थना करत होते. त्यातली पहिली सगळ्यांना जास्त पटण्यासारखी वाटली.

"पाळकसाहेब चारला येतायत," दादा म्हणाले. "रविवारी भक्तीनंतर बाबांच्या नावाची पाटी बसायची आहे चर्चच्या भिंतीवर. 'एकतीस वर्षं अखंड.' त्यात हे झालं म्हणजे..." त्यांना शब्द सापडेना, हे त्यांच्या बाबतीत क्वचितच होई. "पाळकसाहेब मासिकात लिहिणार आहेत. आपण काय सांगायचं ते आधी ठरवून घेऊ. म्हणजे चौघांची चार तोंडं नकोत."

"माझं नाव घाला त्यात," डॉक्टर म्हणाले. "मी शंका घेतली होती पहिल्यांदा. विज्ञानाच्या माणसाने शंका घेतली आणि मग विश्वास ठेवला, असं आलं म्हणजे वजन येतं."

"शंका तू काल रात्री घेतलीस," माई फणकारली. "रिंग मी देते ताईला रोज चारला. माझ्या रिंगेला ती उत्तर देते. माझं नाव आधी यायला हवं."

"अगं, तू गेलेल्या माणसाला दोन महिने रिंग देत होतीस, त्यात कौतुक कसलं? नंबर बदलायचा विसरलीस तू."

"विसरले नाही! मला आतून वाटत होतं!"

ताईच्या आजारपणात याच दोघांनी एकमेकांची बाजू घेऊन दादांना उभं-आडवं घेतलं होतं. आज दोघंही दादांकडे बघून बोलत होते. या घराण्यात गट पडायला वेळ लागत नाही, फुटायला त्याहून कमी लागतो. धाकटीचं लक्ष तेवढं स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं.

दादा उठले. "चहाला मदत करतो," म्हणाले. आयुष्यात त्यांनी चहाला कधी मदत केली नव्हती.

आत येऊन त्यांनी दार लोटलं. टेबलावर बशा मांडलेल्या होत्या.

"भावोजी, त्या फोनला चार्ज कोण करतं?"

जावईबापूंच्या हातातली गाळणी थांबली. हजारो पोरांना पाठीमागून नुसत्या हालचालीवरून पकडलेला माणूस होता तो.

"मी," जावईबापू म्हणाले.

"हं." दादांनी खुर्ची ओढली आणि बसले. नेमकी तीच खुर्ची. "मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. बाकीच्यांना नाही सुचलं, कारण तुमच्याबद्दल तसं कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं. राग मानू नका."

"नाही मानत."

"मग काय करता तुम्ही त्या वेळात?"

"बसतो. बोलतो."

"तुम्ही?" दादांनी भुवया उंचावल्या. मग आवाज खाली आणला. "हे बघा. तुम्ही साखळीत नाही. तुमचं नाव कधी नेमलेलं नाही. म्हणजे नियमाने बघितलं तर ताई गेली त्या दिवशी साखळी तुटली. बाबांची साखळी. रविवारी पाटी लागणार, बाहेरगावची माणसं येणार, आणि मी उभं राहून काय सांगू? की सत्तावन्न दिवस खड्डा आहे?"

"खड्डा नाही पडला, दादा. मी बसत होतो."

"तेच तर सांगतोय, ते धरता येत नाही." दादा पुढे झुकले. "पण मी काही दुष्ट माणूस नाही. एक मार्ग आहे. तुम्ही गप्प राहा. मी काहीच खोटं बोलणार नाही, फक्त ताईच्या नंबरावरून रिंग येते एवढंच सांगणार. लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. आणि तुमची वेळ तुम्हालाच. चार ते साडेचार. जन्मभर. कुणी विचारणार नाही."

नेमकं तेच जावईबापूंना हवं होतं. दुसरं काही मागायचं नव्हतंच. दादांनी ते बशीत घालून पुढे केलं होतं.

"आणि सांगितलं तर?"

"तर ती वेळ डॉक्टरच्या सुनेला द्यावी लागेल. ती केव्हाची मागतेय." दादा उठले आणि जाताना एक कप उचलून घेतला, मदत केल्याची खूण म्हणून. "विचार करा. ताईची अब्रूही आहे त्यात. तिच्या नावाने चमत्कार होतोय, भावोजी. तिला आवडलं असतं."

तिला मुळीच आवडलं नसतं. चाळीस वर्षांत तिने कधी फोडणी जळाली तरी ती लपवली नव्हती. पण जावईबापू "बरं" म्हणाले. बाहेर जाऊन त्यांनी सगळ्यांच्या हातात कप दिले आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. चारला पाच कमी असताना पाळकसाहेब आले, डायरी उघडूनच. दादांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा जावईबापू कपाटातून फोन काढून हळूच आत सटकले.

चार वाजले. फोन वाजला नाही. माई बाहेर पाळकसाहेबांना अंगावरचा काटा दाखवत होती.

असू दे, म्हणून जावईबापू खुर्चीत बसले. हात टेबलावर ठेवले. बोलायला तोंड उघडलं आणि काही येईना. दिवसभराच्या गोष्टी होत्या, सकाळी एका म्हाताऱ्या बाईंना पाचव्या मजल्यावर आधार देऊन नेलं होतं, ते सांगायचं होतं. पण आधी बाहेर काय चाललंय ते सांगावं लागणार आणि मग आपण "बरं" म्हणालो ते. पाच मिनिटं गेली. सात गेली. भिंतीपलीकडून दादांचा आवाज येत होता: "...आणि फोन तर कपाटात असतो!" जावईबापूंनी पुन्हा प्रयत्न केला. झिजलेल्या दोरासारखंच झालं होतं हे. ही वेळ राखायची म्हणून जे कबूल केलं, त्यानेच ती बंद पाडली होती. बोलायला कुणी नव्हतं असं नाही, पण आता बोलण्यासारखं तोंड उरलं नव्हतं.

ते उठले आणि फोन हातात घेऊन बाहेर आले.

"पाळकसाहेब, ते लिहू नका. तो फोन मी करतो."

पाळकसाहेबांचं पेन थांबलं. माईचा रुमाल खाली पडला. डॉक्टर म्हणाले, "मला वाटलंच होतं," आणि सगळ्यांनी दुर्लक्ष केलं.

"भावोजी दुःखात आहेत," दादा घाईघाईने म्हणाले. "त्यांना काही कळत नाहीये."

"पाचव्या दिवसापासून मीच करतो," जावईबापू म्हणाले. "आधी तिची वेळ रिकामी जाऊ नये म्हणून केला. मग मलाच लागायला लागला. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की तुम्ही वेळ काढून घ्याल, अशी भीती होती. तेवढं माझं चुकलं. ती फोन करत नाही. करता आला असता तर आधी मला केला असता."

"दोन महिने मी कुणाच्या नावाने रडत होते मग!" माई उसळली. "आणि तुम्हाला प्रार्थना येते तरी का? काय म्हणता तुम्ही?"

"काही खास नाही. काय झालं ते सांगतो. चुकलं असेल तर तेही. मग गप्प बसतो, तिकडून काही म्हणायचं असेल तर म्हणून."

"शेवटी आमेन म्हणता?" डॉक्टरांनी तपासणीच्या सुरात विचारलं.

"कधीकधी राहून जातं."

"झालं!" डॉक्टरांनी दादांकडे बघितलं. "म्हणजे तांत्रिकदृष्ट्या एकही पूर्ण झालेली नाही."

"मला माहीत होतं," धाकटी म्हणाली. पाळकसाहेब आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "आत्याबाईंची एकच रिंग यायची. काकांच्या तीन येतात. तीन-चार दिवसांतच कळलं मला."

"आणि बोलली नाहीस?" दादांचा चेहरा लाल झाला.

"बोलले असते तर रिंग बंद झाली असती, बाबा. मी सात वर्षं साखळीत आहे. दुकानात गोळ्या मोजता मोजता करत होते सगळं. हे काका, ज्यांना कुणी बसवलं नाही, ते रोज बसतायत म्हटल्यावर मी पण शटर ओढून बसायला लागले." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "आणि तुटण्याचंच म्हणत असाल तर, आज अडीचपासून कुणी कुणाला रिंग दिली आहे का?"

सगळ्यांनी आपापले फोन बघितले. डॉक्टरांची वेळ काटा आणि विज्ञान यांच्या वादात गेली होती. माईने गजर बंद केला होता, सभेत व्यत्यय नको म्हणून. एकतीस वर्षांची साखळी अखंड असल्याचं सिद्ध करायला बसलेल्या सभेने ती पावणेदोन तास तोडून ठेवली होती.

"सभा म्हणजेसुद्धा एक प्रकारे प्रार्थनाच," दादा म्हणाले. "सामुदायिक. काय पाळकसाहेब?"

पाळकसाहेब डायरीत बघत होते. त्यांनी लिहिलेलं अर्धं पान खोडलं, मग खोडलेल्याकडे बघत बसले. ते त्या घरात आल्यापासून त्यांना कुणी बोलू दिलं नव्हतं आणि आता बोलायची वेळ आली तर ते म्हणाले, "मलाही लागेल थोडा वेळ." कशाला ते त्यांनी सांगितलं नाही.

पण दादा हार मानणारे नव्हते. त्यांनी घसा साफ केला आणि मुख्याध्यापकी आवाज लावला. "एक गोष्ट स्पष्ट आहे. उद्यापासून चार ते साडेचार डॉक्टरच्या सुनेकडे. भावोजी, तो फोन इकडे द्या. नंबर बंद करायला मीच टाकतो, तुमच्याकडून होणार नाही."

जावईबापूंनी फोन पुढे केला. देताना बोटं एकदा घट्ट झाली, मग सुटली. तिच्या बोटांनी झिजलेली बटणं होती ती. दादांनी तो खिशात टाकला. धाकटीचे डोळे भरून आले होते, पण तिने मान फिरवली नाही.

"उद्यापासून ना?" जावईबापूंनी विचारलं.

"हो, उद्यापासून."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाहेर पुन्हा आवाज चढले होते, पाटीवर आता 'अखंड' लिहायचं की नुसतं 'एकतीस वर्षं', यावर. जावईबापूंनी खुर्ची ओढली, हात टेबलावर ठेवले, आणि आता काहीच अडलं नाही.

"उशीर झाला, देवा," ते म्हणाले. "बाहेर तुझीच माणसं आली होती."